येळवशीच्या रात्रीचा सिनेमा

"किती रिश्टरचा व्हता?"

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील. आमच्या घराच्या मागच्या, नुकताच चुना मारलेल्या भिंतीवर काळीपांढरी चित्रं हलत होती. एक तरुण शिल्पकार ओल्या मातीचा कोरलेला फलक घेऊन म्हाताऱ्या प्राध्यापकाकडं आला होता. सिनेमा मूकपट, म्हणून मी बाजेवर बसून मधे मधे येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या पाट्या मोठ्यानं मराठीत सांगत होतो, आणि पाटीवर जे नव्हतं ते मूळ कथेतून भरत होतो. तारीख १ मार्च १९२५. आदल्या रात्री अमेरिकेच्या त्या भागात भूकंपाचा धक्का बसला होता, आणि तेव्हापासून या पोराला समुद्राखालच्या प्रचंड दगडी शहराची स्वप्नं पडू लागली होती. एवढं सांगितलं आणि अंधारातून तात्यांचा हा प्रश्न आला. पाठोपाठ बायकांच्या बाजूनं दुसरा: "आन किती वाजता?"

मला दोन्ही ठाऊक नव्हतं. कथेत वेळ दिलेली नाही, रिश्टर तर नाहीच. "हलकाच होता," असं काहीतरी बोलून मी पुढची पाटी वाचली. पण आतून हललो. हा सिनेमा मी सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. त्याच्याबद्दल जगभरच्या लोकांनी लिहिलेलंही पुष्कळ वाचलं आहे. त्या भूकंपापाशी कुणी थांबल्याचं मला आठवत नाही. मीही कधी थांबलो नव्हतो, आणि मी किल्लारीपासून बारा-तेरा किलोमीटरवर वाढलेला माणूस आहे.

सिनेमाचं नाव 'द कॉल ऑफ कथुलू'. २००५ साली अमेरिकेतल्या काही वेड्या वाचकांनी मिळून काढला. त्यांचं वेड एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाचं. त्यानं ही कथा १९२६ मध्ये लिहिली, १९२८ मध्ये ती एका मासिकात आली, आणि १९३७ साली तो गरिबीतच वारला. ही कथा पडद्यावर येऊच शकत नाही असं त्याचे चाहते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. या मंडळींनी वेगळाच रस्ता धरला: कथा छापली गेली त्याच काळात सिनेमा निघाला असता तर कसा निघाला असता, तसाच काढायचा. म्हणून मूकपट, काळापांढरा, ४७ मिनिटांचा. खर्च सुमारे ५० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं २२ लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडं एवढ्यात गाण्याचं चित्रीकरणही होत नाही. समुद्र चकाकत्या कापडासारखा दिसतो, शहराच्या भिंती हातानं रंगवलेल्या आहेत हे कळतं, आणि राक्षस म्हणजे थोडा थोडा हलवून चित्रित केलेला बाहुला आहे. चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं ते कथेशी इमान राखल्याबद्दल. ज्यांना नाही आवडला त्यांनी बाहुल्याला नावं ठेवली.

या जातीच्या गोष्टींना वैश्विक भयाच्या गोष्टी म्हणतात. आपल्याकडच्या भुताला कारण असतं. मुंजा असो, हडळ असो, त्यांचं काहीतरी मागं राहिलेलं असतं. उतारा टाकता येतो, नारळ फोडता येतो, सोड म्हणून विनवता येतं. थोडक्यात, बोलणी होऊ शकतात. लव्हक्राफ्टच्या गोष्टींतल्या शक्तींशी बोलणी होत नाहीत. त्यांचं आपल्याशी वैर नाही, माया नाही. आपण आहोत याचीच त्यांना खबर नाही. कथुलू समुद्राच्या तळाशी बुडालेल्या शहरात निजलेला आहे. भूकंपानं ते शहर वर येतं, काही खलाशी चुकून तिथं पोचतात, दार उघडतं, तो बाहेर येतो. काही दिवसांनी वादळात शहर पुन्हा बुडतं. जग वाचतं, पण त्याला कुणी वाचवलेलं नसतं.

माझ्या हाती ही कथा पहिल्यांदा आली ती २००९ मध्ये, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातल्या एका फाटक्या संग्रहात. त्या रात्री मला झोप लागली नाही. भीतीपेक्षा ओळख जास्त वाटत होती. जिथं जन्मलो नाही, जो समुद्र पाहिला नाही, तिथल्या माणसानं माझ्या गावाबद्दल काहीतरी लिहून ठेवलंय असं वाटत होतं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून सिनेमा मिळाला तेव्हापासून तो कुणाला तरी दाखवायची ओढ होती.

पहिला खेळ लातुरात झाला. मी तिथं इंग्रजी शिकवतो. आमच्या इमारतीत खालच्या दोन मजल्यांवर नीटची तयारी करणारी मुलं भाड्यानं राहतात. रविवारी टेस्ट झाली की त्यांचे दोन तास मोकळे असतात. तेरा-चौदा जणं माझ्या खोलीत दाटीनं बसली. पहिली वीस मिनिटं शांत गेली. मग जहाज दिसलं, कापडाचा समुद्र दिसला आणि एका पोरानं "सर, साडी हाय की ओ ही" म्हटलं. मग त्यांना आवरेना. बाहुला आला तेव्हा तर एकानं त्याचे अवयव जीवशास्त्राच्या भाषेत सांगायला सुरुवात केली, गोगलगाय आणि ऑक्टोपस एकाच संघात कसे येतात इथपर्यंत. मनापासून हसत होती बिचारी. दिवसभर निगेटिव्ह मार्कांची भीती खाऊन आलेल्या लेकरांना रात्री हसू येत असेल तर ते हिरावून घेणारा मी कोण. तरी मला लागलं हे खरं. ज्या जागी माझा श्वास अडकतो त्या जागी ती हसत होती.

एक मुलगी मात्र हसली नाही. हिंगोली जिल्ह्यातली, वसमत तालुक्यातली. सगळे गेल्यावर चपला घालता घालता म्हणाली, "सर, आमच्याकडं आवाज येतो." मला माहीत होतं. पांगरा शिंदेच्या पट्ट्यात कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात, बातम्या येतात, तज्ज्ञ येऊन जातात. २०२४ च्या १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला तिथंच ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. आमच्या निलंगा तालुक्यातल्या हासोरीतही २०२२ च्या सप्टेंबरात असेच आवाज सुरू झाले होते, माणसं रात्र रात्र बाहेर बसली होती. मी तिला विचारलं, "कसा येतो?"

"ट्रक रिकामा केल्यावानी. खालून. मग आम्ही सगळे थांबतो. आईच्या हातात पोळी असती, ती तशीच धरून थांबती. काहीच होत नाही. मग परत जेवतो." थोडं थांबून म्हणाली, "पिक्चरमधी ते पाण्याखाली झोपलेलं दाखवलं ना, ते बघून मला ते थांबणं आठवलं. बाहेर आल्यावर नाही काही वाटलं."

मी या विषयावर जे जे वाचलं आहे त्यात यापेक्षा नेमकं काही वाचल्याचं मला आठवत नाही. मोठमोठे दिग्दर्शक शिकवतात की राक्षस दाखवू नका. ही सतरा वर्षांची पोरगी त्याचं कारण सांगून गेली. थांबण्यात राक्षस असतो. बाहेर आला की त्याला हातपाय फुटतात, आणि हातपाय असलेल्या गोष्टीचं माणूस काहीतरी करतोच.

तेव्हाच ठरवलं, हा सिनेमा गावाकडं दाखवायचा.

आमच्याकडं येळवशीला गाव भरतं. वेळ अमावस्या हे पंचांगातलं नाव, लातूर-धाराशिवकडं येळवस. दिवाळीला न येणारे पुण्या-मुंबईचे लोकसुद्धा या दिवशी येतात. रानात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, तिळाची पोळी, येईल त्याला जेवायला बसवायचं, अनोळखी असला तरी. संध्याकाळी अंग जड झालेलं असतं, पोटात आंबील गार पडलेली असते, रात्र अवसेची. भाच्यानं पुण्याहून छोटा प्रोजेक्टर आणला होता. वीसेक माणसं जमली. तात्या, म्हणजे आमचे शेजारी, माजी पोस्टमन; गवंडी चाचा; माळकरी अण्णा; आमची आत्या; बाकी बायका, पोरं.

जमली ती नव्या गावात. आमचं हे गाव १९९३ नंतरचं. रुंद रस्ते, आखून दिलेले प्लॉट, सिमेंटची घरं. जुन्या गावापासून दोन किलोमीटरवर. भूकंपानंतर अशी ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जुन्या पांढरीवर आता वेड्या बाभळी आहेत. वाट विचारावी लागते, आणि सांगणारेही कमी होत चाललेत.

ही तारीख मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, पण पोरांसाठी लिहून ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. मी पाचवीत होतो. गणपती बोळवून आलो आणि आम्ही चार-पाच पोरं गुलालासकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच झोपलो, वाड्यापासून लांब. म्हणून मी आहे. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या भागात लहान लहान धक्के बसत होते, जमीन घुमत होती. त्या ऑक्टोबरात तर चांगलाच हादरा बसला. लोक रानात झोपायला लागले. आम्हीही झोपलो. मग काही झालं नाही. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस लागला. वडील म्हणाले, "किती दिवस बाहेर निजायचं?" आणि सगळे आत गेले. वसमतची ती पोरगी म्हणाली तसं, परत जेवायला बसले.

घरं माळवदाची. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, गोटे आणि माती रचून केलेल्या, वर लाकडाच्या माच्यावर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीनं ऊन अडवलं तीच छातीवर बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यांत आमची आजी. तिनं आदल्याच दिवशी अनंताचं व्रत केलं होतं, दंडाला चौदा गाठींचा नवा दोरा होता.

एवढं पुरे. सिनेमाकडं येतो.

जहाज दिसलं तेव्हा स्पीकरची चार्जिंग संपली. मूकपटाला संगीत असतं, तेही गेलं. भाचा दुसरा स्पीकर शोधायला निघाला, पण कुणीच "आवाज लावा" म्हणेना, म्हणून मी त्याला बसवलं. नुसती चित्रं, माझा आवाज, आणि लांब कुठंतरी हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती पेंढी, फिरवणाऱ्या पोरांची आरोळी. मी कापडाच्या समुद्राकडं बघत हसण्याची वाट पाहत होतो. कुणी हसलं नाही. मला वाटतं, भारुडात फडकं डोक्यावर घेतलं की बाई आणि काठी हातात घेतली की म्हातारा, हे बघत वाढलेल्या माणसांना कापड म्हणजे समुद्र हे मान्य करायला वेळ लागत नाही. लातूरच्या पोरांनी खरा समुद्र पडद्यावर हजार वेळा बघितलाय, म्हणून त्यांना खोटा दिसला.

मग शहर आलं. तिरक्या भिंती, एकमेकींवर रेललेले सुळके, कुठली बाजू उभी आणि कुठली आडवी हे न कळणारे दगड. लव्हक्राफ्टनं कथेत लिहिलंय की त्या शहराची भूमितीच चुकलेली होती. एक खलाशी तर नसायला हवा अशा एका कोनात गिळला जातो. मी हे मराठीत कसं सांगावं म्हणून अडखळलो. 'भूमिती चुकलेली' म्हणजे काय, हे पाटीवर वाचून कळत नाही.

"हौ, बरोबर दाखवलंय," चाचा म्हणाले. ते पुढं सरकून बसले होते. "याला ओळंबाच न्हाई. एक कोपरा गुण्यात न्हाई बगा." ओळंबा म्हणजे भिंत उभी सरळ आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी, गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार.

मग त्यांनीच सांगितलं, सिनेमा चालू असताना, भिंतीकडं बघत. त्या दिवशी सकाळी उजाडल्यावर ते जुन्या गावात शिरले. कुठल्या गल्लीत आहोत कळेना. माळवद खाली आणि जोतं वर. चौकट आडवी, उंबरा उभा. एका ठिकाणी भिंत सरळ दिसली म्हणून टेकायला गेले, तर ती भिंत नव्हती, छताची कड होती. चाचा तेव्हा तिशीचे, हात बसलेला गवंडी. पिशवीत ओळंबा होता. तो काढला आणि दोरी सोडली. "कायतरी सरळ हाय का बगायला," ते म्हणाले. "ओळंबा तेवढा सरळ व्हता."

पडद्यावर खलाशी त्या दगडांवर घसरत होते. पाटी आली होती, मी वाचली नाही. वाचायची गरजही नव्हती.

समीक्षक या दृश्याबद्दल जुन्या जर्मन मूकपटांच्या तिरक्या नेपथ्याची आठवण काढतात. ती खरीच आहे, करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं तेच असणार. पण चाचांनी तो देखावा ज्या नजरेनं तपासला तशी नजर मी कुठल्या समीक्षेत पाहिली नाही. गेली तीस वर्षं माझ्या मनात होतं की त्या सकाळचं सांगायला शब्दच नाहीत. चाचांकडं शब्द होते. त्यांच्या थैलीत होते.

आणि मग दार.

या सिनेमाचा कळस तोच. खलाशी भल्यामोठ्या दगडी दारापाशी पोचतात. चाचपतात, ढकलतात. बघणाऱ्याला माहीत असतं की हे उघडू नये. लातुरात या जागी पोरांनी "अरे नको, नको" म्हणून ओरडून घेतलं होतं. मला वाटलं इथंही तसंच होईल. मीही आवाज खाली आणला, पाटी हळूहळू वाचली. दार हललं. फट पडली.

"उघडलं बाई एकदाचं," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

सुटकेचा आवाज होता तो. आणि त्या एकटीचा नव्हता. मागं दोन-तीन जणींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी पाटी वाचायची विसरून मागं वळून पाहिलं. अंधारात चेहरे दिसले नाहीत.

लव्हक्राफ्टला हे कळायचं कारण नाही. त्याच्या जगात बंद दार म्हणजे सुरक्षित. आमच्याकडं चौकटी आवळल्या होत्या. दारं आतल्या बाजूला उघडणारी, आणि आत छातीइतका ढीग. आजी आणि आत्या ज्या खोलीत होत्या तिची कडी आतून लावलेली होती. आत्या उंबऱ्यापाशी निजली होती. ती दार वाजवत होती हे वडिलांनी आयुष्यभरात एकदाच सांगितलं. पहारीनं चौकट तोडून तिला काढलं तेव्हा उजाडलं होतं. त्या रात्री दाराच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला जो होता, तो उघडणारं दार बघून घाबरेल कसा?

बाहुला आला. तो आला, हलला, जहाजानं त्याला धडक दिली, सगळं झालं. पोरांना आवडला. मोठ्यांनी पाहिला आणि सोडून दिला. तात्या तर उठून पाणी प्यायला गेले.

सिनेमा संपल्यावर कुणी उठेना. कुणीतरी शेकोटीत काड्या टाकल्या. अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे त्यो समुद्रात निजलेला असतोय, आन उठला की कल्पांत. असंच ना?"

"हो अण्णा."

"मग त्यात भ्यायचं काय? आपलाबी निजतोच की."

मी खरंच गोंधळलो. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आषाढीला देव निजतो, कार्तिकीला उठतो. क्षीरसागरात, शेषाच्या अंगावर. ज्या कल्पनेनं लव्हक्राफ्टच्या वाचकांची शंभर वर्षं झोप उडवली आहे, ती आमच्या अण्णांच्या घरात कॅलेंडरवर छापलेली आहे आणि तिच्यापुढं रोज उदबत्ती लागते. समुद्राच्या तळाशी कुणीतरी अफाट निजलंय, त्याच्या श्वासावर जग चाललंय, हे ऐकून अण्णांना आधार वाटतो. मी त्यांना फरक सांगायला लागलो, की या गोष्टीतल्याला आपली खबरच नसते. अण्णा म्हणाले, आपल्याची योगनिद्रा असते, डोळे मिटलेले असले तरी त्याला सगळं कळतं.

आत्या तोवर काही बोलली नव्हती. शेकोटीकडं बघत ती म्हणाली, "तवाबी निजलाच व्हता."

कुणालाच काही बोलता आलं नाही. सप्टेंबर अखेर म्हणजे चातुर्मास. आणि ती रात्र अनंताची. अनंत म्हणजे शेषच, ज्याच्या फण्यावर पृथ्वी आहे म्हणून आजी आम्हाला सांगायची, आणि तो फणा बदलतो तेव्हा जमीन हलते म्हणायची. त्याच अनंताचा दोरा तिच्या दंडाला होता. अण्णा काहीतरी म्हणणार होते, पण थांबले. माळेवर हात ठेवून बसून राहिले.

आत्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण कागदावर ते रागासारखं वाचलं जाईल. ती अजून एकादशी करते. दर वर्षी अनंताचा दोरा बांधते, आजीचं व्रत तिनं चालवलं आहे. तिनं फक्त तारखा जुळवल्या. लव्हक्राफ्टच्या कथेची सुरुवातच अशी आहे की माणसाला सुट्या सुट्या गोष्टी एकमेकींशी जोडता येत नाहीत हीच त्याच्यावरची मोठी दया आहे. जोडल्या तर तो वेडा होईल. त्याच्या कथेतला माणूस सगळी कागदपत्रं जोडतो आणि कोसळतो. आत्यानं जोडून तीस वर्षं झाली. ती सकाळी उठून भाकऱ्या करते.

लातुरात परत आल्यावर मी तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो. सापडलं. लव्हक्राफ्टनं तो भूकंप मनानं रचलेला नव्हता. २८ फेब्रुवारी १९२५ च्या रात्री ९ वाजून १९ मिनिटांनी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या शार्लव्वा भागात भूकंप झाला. दूर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडपर्यंत, म्हणजे कथेतल्या त्या भागापर्यंत, तो जाणवला, आणि कथेत आला. त्याची तीव्रता ६.२.

मी आकडा दोनदा वाचला. किल्लारीचीही तीव्रता ६.२ मांडतात, आपल्याकडं ६.४ असंही सांगितलं जातं, मोजायच्या पद्धतीवर ते असतं. पण जगभरच्या नोंदीत ६.२. ज्या आकड्यानं त्याच्या कथेतलं बुडालेलं शहर वर आणलं, त्याच आकड्यानं आमचं गाव खाली घातलं. मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. मग तात्यांना फोन लावला.

"तात्या, सहा पॉइंट दोन."

पलीकडं शांतता. त्यांना आठवण करून द्यावी लागली नाही. "आपल्यावढाच," ते म्हणाले. मग, "मानसं किती गेली?"

"फार नाही. अगदी थोडी."

"किती वाजता झाला म्हणलास?"

"रात्री नऊला."

"म्हंजे जागी असत्याल. घरं कशाची?"

"लाकडाचीच बहुतेक. तिकडं लाकूड फार."

"मग बरोबर हाय," तात्या म्हणाले. एका चुकलेल्या पत्राचा पत्ता लागावा तसं. आणि सोयाबीनचा भाव काय निघालाय ते विचारायला लागले.

मी वैश्विक भयाच्या गोष्टी अजूनही वाचतो, त्या मला अजूनही हलवतात. विश्वाला आपली खबर नाही हे मला खरंच वाटतं. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा लाव्हा आहे, किल्लारीजवळ खोल भोक पाडून पाहिलं तेव्हा तोच तीनशेहून जास्त मीटर जाडीचा निघाला, आणि त्याच्याही खाली कित्येक पट जुना खडक. हा भाग स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असं १९९३ पर्यंत नकाशे सांगत होते. या सगळ्यात आमच्या आजीला काही जागा नव्हती. पण त्या भिंतीसमोर बसलेली माणसं त्या अफाटपणापाशी थांबली नाहीत. ती वेळ विचारत होती, रिश्टर विचारत होती, ओळंबा लावून बघत होती, घरं कशाची होती ते विचारत होती. इतकी वर्षं मला वाटायचं की जमीन हललेल्या माणसांना लव्हक्राफ्ट चटकन कळेल. त्यांना तो कळला, आणि कळूनही त्यांना त्याच्याकडून आणखी माहिती हवी होती, जी त्यानं दिलेली नाही.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. शेकोटी विझली, माणसं गेली. भाच्यानं प्रोजेक्टर गुंडाळला. आत्याचं अंथरूण दारापाशीच असतं, थंडी असो काही असो. मी सगळ्यात शेवटी आत आलो, दार लोटलं, आणि लातूरच्या सवयीनं हात वर गेला. आत्याला मी झोपलेली समजत होतो.

"कडी नको लावू रं लेकरा," ती म्हणाली.

मी हात खाली घेतला. फटीतून गार वारा येत होता. तिनं वाकळ कानापर्यंत ओढून घेतली, आणि मी दार थोडं आणखी उघडं करून तिथंच शेजारी आडवा झालो.